आरपार दगड

निलंगा, १२ नोव्हेंबर १९९५

अमरेश यांस,

हे पत्र कामाचं आहे असं समजून वाचलंत तर मला लिहायला सोपं जाईल.

तुमचा निरोप पोचला. रविवारी मी गावी गेले होते. अव्वांनी तो एका दमात म्हणून दाखवला, मधे थांबलं तर विसरेल अशा भीतीनं. "क्लासची नवी इमारत व्हायलीय. तीन मजली. बसवजयंतीला वास्तुपूजा हाय, जोडीनं बसायचं हाय. आली तर घर चालू. न्हाई आली तर आमी समजून घिऊ." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता मला काय इच्यारू नको. पोरगा माझा, नवरा तुझा. म्या निस्ती टपालवाली."

म्हणजे मला एप्रिलपर्यंत मुदत आहे. उत्तर देईन. आज देत नाही, कारण आज माझ्याकडे ते नाही.

काम असं. ऑफिसनं मला एक टिपण लिहायला सांगितलं आहे. विषय आहे, 'मोठी माणसं कशी शिकतात : निरनिराळ्या उपपत्तींची तुलना'. भूकंपात जी दगडी घरं पडली नाहीत ती मजबूत करायची, ते काम गावोगावच्या मिस्त्रींनी करायचं आणि मिस्त्रींना आम्ही शिकवायचं, अशी योजना आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आता नवे प्रशिक्षक येणार आहेत. त्यांना हे टिपण द्यायचं आहे. नांदेडच्या कॉलेजात मला काँक्रीट कसं घट्ट होतं ते चार वर्षं शिकवलं. माणूस कसा शिकतो ते अभ्यासक्रमात नव्हतं. पुण्याहून इंग्रजी टिपणांचा एक गठ्ठा आला आहे, त्यातून मी वाट काढते आहे.

गठ्ठ्यातली पहिली उपपत्ती तुमचीच आहे. शिकणं म्हणजे वागण्यातला बदल. विषयाचा लहान तुकडा करायचा, सराव द्यायचा, चाचणी घ्यायची, शाबासकी द्यायची, चुकलं की पुन्हा सराव. लातुरात याला कोणी उपपत्ती म्हणत नाही, क्लास म्हणतात. बाहेरगावची मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन तुमच्या दारात उतरतात ती यासाठीच. माझा प्रश्न एवढाच : बारावीच्या मुलाला जे लागू पडतं ते पन्नाशीच्या मिस्त्रीला लागू पडतं का? तुमचं मत कळवा. टिपणात नाव देणार नाही.

उदाहरण म्हणून मी एक परिच्छेद लिहून पाहिला होता. 'पुरुष, वय चौतीस, भौतिकशास्त्राचा शिक्षक. भूकंपाच्या पहाटे गावच्या घरी होता. पुढची खोली वडिलांवर कोसळली. त्यानं दगड हातांनी उपसून त्यांना बाहेर काढलं, पण ते गेले होते. त्यानंतर तो कुठल्याही स्लॅबखाली झोपलेला नाही. त्याच्या इंजिनिअर पत्नीनं राहत्या फ्लॅटची मजबुती आकडेमोड करून दाखवली. तो म्हणाला, तुझं गणित बरोबर आहे, पण मी आत झोपणार नाही. दीड वर्ष ती फ्लॅटमध्ये आणि तो क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होता. मग तिनं दुसऱ्या गावी नोकरी धरली.'

परिच्छेद नीट होता. पण त्यातून काय सिद्ध होतं ते मला लिहिता येईना, म्हणून काढून टाकला.

अव्वांची तब्येत बरी आहे. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांना थंडी वाजते. मागच्या दोन खोल्या उभ्या आहेत, त्या मजबूत करून द्या म्हणून त्यांनी आमच्या ऑफिसात अर्ज दिला आहे. मी त्यात पडले नाही. त्यांचा नंबर आपोआप आला.

मंजुश्री


निलंगा, २० डिसेंबर १९९५

अमरेश यांस,

उत्तर मिळालं. एक पान, मुद्द्यांना क्रमांक. टिपणात जसंच्या तसं वापरता येईल असं आहे.

तुमचं म्हणणं असं, की वय आड येत नाही, कंटाळा आड येतो. आणि सराव पुरेसा असेल तर कंटाळ्यालाही सवय होते. पुरावा म्हणून तुम्ही पाचव्या मुद्द्यात स्वतःचं उदाहरण दिलं आहे. दिवाळीपासून तुम्ही नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर रोज थोडा वेळ बसू लागलात, रोज थोडं वाढवलंत, आणि आता फ्लॅटमध्ये आत झोपता. 'झोप चांगली लागते,' असं लिहिलं आहे.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग टिपणात सरावाच्या उपपत्तीला मी दिलेली जागा वाढवली. माझ्या आकडेमोडीनं जे झालं नाही ते तुमच्या पद्धतीनं झालं असेल, तर ते मान्य करायला हवं.

इथलाही पुरावा तुमच्या बाजूनं आहे. आमच्या वर्गात तुमच्या गावचे मडिवाळप्पा मिस्त्री आहेत. तुम्ही त्यांना ओळखता. शाळेत असताना त्यांच्या सायकलची हवा सोडल्याबद्दल त्यांनी तुम्हाला पळवलं होतं असं ते सगळ्यांना सांगतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "माज्या बापानं मला शिकिवलं तवा चुकलं की थापी फेकून मारायचा. तुमी फळ्यावर लिवायला लागलाव. बरं हाय, लागत न्हाई."

शिकवायचं ते असं. आपल्याकडची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतली आणि एक बाहेरची. मधे माती आणि चिपा. हादरा बसला की दोन्ही एकमेकींपासून सुटतात, फुगून पोट धरतात आणि खाली बसतात. त्यांना एकत्र धरायला आरपार दगड लागतो. जुन्या भिंतीत तो नसतो, म्हणून नवा घालायचा. बाहेरून एक दगड काढायचा, आतून एक काढायचा, मधली भर हातानं उकरत भोक आरपार करायचं, सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं. झालं की बाहेरून त्या जागी लाल रंगाचा गोल काढायचा, म्हणजे तपासणाऱ्याला मोजता येतं.

मी तुमच्या पद्धतीनं हे तुकडे पाडून घोकून घेतलं. रोज सकाळी तोंडी प्रश्न, शनिवारी चाचणी. आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या आवारात त्यासाठी बांधलेल्या ठेंगण्या भिंतीत प्रत्येकानं एकेक भोकही पाडलं. शेवटच्या परीक्षेत मडिवाळप्पा पहिले आले. त्यांना ओळखपत्र मिळालं. ते नसलं तर या योजनेत काम मिळत नाही.

त्यांनी पहिलं काम अव्वांच्याच घराचं केलं. काम संपल्यावर मी तपासणीला गेले. घर नातेवाइकाचं म्हणून सोबत दुसरे इंजिनिअर नेले होते. आम्ही दोघांनी बाहेरून लाल गोल मोजले. बरोबर होते. आतल्या भिंतींना अव्वांनी त्याच दिवशी चुन्याचा हात दिला होता, ओला होता, म्हणून आतून हात लावून पाहिलं नाही. अव्वा सामान घेऊन आत राहायला गेल्या. आधी कोपऱ्यातली उतरंड लावली आणि मग म्हणाल्या, "दोन वर्सांनी टकुऱ्यावर माळवद आलं. पत्र्याखाली मानूस भाजी इकायला बसल्यावानी वाटतंय."

तुम्हाला कळवावं असं वाटलं.

मंजुश्री


नांदेड, २८ जानेवारी १९९६

अमरेश यांस,

प्रशिक्षकांच्या बैठकीसाठी नांदेडला आले आहे. मुक्काम माहेरी, अप्पांकडे. अप्पांनी दुकानातून आल्या आल्या विचारलं, "काय करून राहिली तू तिकडं निलंग्याला?" मी म्हटलं, मिस्त्रींना शिकवते. म्हणाले, "मिस्त्री शिकले, आता नवऱ्याला कोण शिकवणार? पोरीला दोन घरं असतात, तुझी तीन झाली. आणि तिन्ही घरी तू पाहुणी." मग स्वतःच मला दुसरी पोळी वाढली. ते तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. तुमच्या क्लासला आमच्या गल्लीतली तीन मुलं आहेत आणि त्या मुलांचे बाप अप्पांना दुकानात येऊन मान देतात, हेही एक कारण असावं.

टिपणाचं काम पुढे गेलं आहे. आणखी तीन उपपत्ती आहेत.

एक म्हणते, मोठ्या माणसाला गरज असेल तेच तो शिकतो. त्याला कामाचं काय ते सांगा, आणि लहान मुलासारखं वागवू नका. यावर बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या उपपत्तीवर सगळे मान डोलावतात तिच्याबद्दल मला शंका येते. मिस्त्रींना गरज ओळखपत्राची होती. भिंत मजबूत करण्याची गरज आमची होती.

दुसरी म्हणते, माणूस अनुभवातून शिकतो. करतो, मागे वळून पाहतो, अर्थ लावतो, पुन्हा करतो. आपल्या भागात अनुभवाची कमतरता नाही. पण त्यातून लोक काय शिकले? दगड वाईट आणि सिमेंट चांगलं. आता मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात आणि निर्धास्त होतात. मारलं ते दगडानं नाही, दगडाला दगड धरून नव्हता म्हणून मारलं, हे अनुभवानं कोणाला सांगितलं नाही. अनुभव शिकवतो हे खरं, पण बरोबर तेच शिकवेल अशी हमी त्यात नाही.

तिसरी उपपत्ती अशी, की मोठ्या माणसाच्या मनात गृहीतकांची एक बांधणी असते. तिला जबर हादरा बसला की ती मोडते, आणि मग माणूस नव्यानं विचार करायला लागतो. खरं शिकणं ते. या टिपणात हादरा हा शब्द पानोपानी आला आहे, आणि प्रत्येक वेळी कौतुकानं. लिहिणारा लातूरचा नसावा.

तुमच्या पाचव्या मुद्द्यातलं उदाहरण मी टिपणातून वगळलं आहे. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, एवढंच कारण समजा.

संक्रांतीला अव्वा लातूरला तुमच्याकडे राहून आल्या. प्रवास झेपला. विशेष काही बोलल्या नाहीत.

मंजुश्री


निलंगा, १० मार्च १९९६

अमरेश यांस,

हे आधी वाचा : अव्वा सुखरूप आहेत. घर आता सुरक्षित आहे. पुढचं त्यानंतर वाचा.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, अव्वांना पूजेची पिशवी अडकवायला मागच्या खोलीत खुंटी हवी होती. त्यांनी दाखवलेल्या जागी बाहेरून लाल गोल आहे हे मला आठवत होतं. मी म्हटलं, "इथं आत काँक्रीट आहे. खुंटी जाणार नाही."

"ठोक तर."

खुंटी एका घावात मुठीपर्यंत आत गेली. मातीत.

मी बाहेर जाऊन लाल गोलावर पहार मारली. बोटभर जाडीची सिमेंटची पापडी निघून हातात आली. मागे जुना दगड होता, त्याच्या पहिल्या जागी, कोणी हलवलासुद्धा नव्हता. दुसऱ्या गोलाची पापडी काढली. तेच.

मडिवाळप्पांना बोलावलं. ते आले, अंगणात उभे राहिले, बसले नाहीत.

"यातले किती खोटे आहेत?"

"खोटे म्हनू नका म्याडम. भायेरून हायत."

"किती?"

"समदेच."

"परीक्षेत तुम्ही पहिले आलात."

"आलो की. तुमी इच्यारलं भोक कसं पाडायचं, म्या सांगितलं. तुमी म्हनलात शाब्बास. जुन्या भिंतीत पाडून दाखव, असं कवा म्हनलात?"

"सेंटरवर पाडलं होतंत."

"ती भिंत गुडघ्याएवढी. आदल्या हप्त्यात बांधल्याली. तिच्याखाली कोन झोपलं व्हतं का?"

अव्वा उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मडिवाळा, हिच्याखाली मी झोपायलीय की रं. संक्रांतीच्या आधीपासून."

तेव्हा ते खाली बसले. मला वाटलं होतं ते कामचुकारपणा कबूल करतील, किंवा ऑफिसला शिव्या देतील. ते जे बोलले ते तसंच लिहिते. "अव्वा, तीस वर्सं म्या भिंतीत दगुड बसिवला. काढला फकस्त त्या दिशी. किल्लारीकडं गेल्तो, पहार घिऊन. एक दगुड काढला की वरचे चार यायचे. आतून मानूस वरडायचं, आमी दगुड काढायचो, आन ते गप व्हायचं. आता जुन्या भिंतीला पहार लावली की मला ते गप ऐकू येतंय. हात म्होरं जात न्हाई. म्हनून वरून लिंपलं."

मी त्यांना समजावलं. छताला टेकू दिले की वरचं वजन भिंतीवर राहत नाही; एका वेळी एकच दगड काढला तर वरचे दगड आपापसात कमान धरतात; जमिनीवर काठीनं आकृती काढून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव म्याडम. तुमचं गनित बरोबर हाय."

ते वाक्य मी याआधी ऐकलेलं आहे.

अव्वांनी काठी माझ्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. "मडिवाळा, ऊठ. तू भायेरून काढ, मी आतून काढते."

मी नको म्हटलं. काम चालू असताना घरात कोणी थांबायचं नाही असा नियम आहे.

"तुझा नेम भायेरच्या गोलाचा," अव्वा म्हणाल्या. "आत कोन बगतंय?"

त्या दिवशी टेकू लावले. मी सोबत दिलेले दोन मजूर आणि मडिवाळप्पा. टेकू मी स्वतः ठोकून पाहिले, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी अव्वा आत गेल्या, पदर खोचला, आणि खुंटीच्या जागी खुरप्यानं माती उकरायला लागल्या. बाहेर मडिवाळप्पा पहार भिंतीला लावून उभे. मी दारात, मला दोघंही दिसत होती. त्या दोघांना एकमेकं दिसत नव्हती.

"मडिवाळाऽ, तुझा आवाज येईना."

"लावलीय अव्वा, पहार लावलीय."

"लावून ठिवायला ती काय उदबत्ती हाय?"

मजूर हसले. मडिवाळप्पा हसले नाहीत, पण पहार चालली. पहिला दगड सैल झाला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि तसेच उभे राहिले. वरचे दगड हलले नाहीत. अव्वा आतून बोलतच होत्या, मडिवाळप्पांच्या पाळण्याच्या गोष्टी, त्यांच्या बापानं या भिंतीचा पाया भरला तेव्हा किती भाकरी खाल्ल्या, काहीही. मला आधी ती बडबड वाटली. नंतर कळलं, त्या त्यांना गप ऐकू येऊ देत नव्हत्या.

दुपारी मडिवाळप्पा एकदम ओरडले. मला वाटलं भिंत आली. त्यांचा हात कोपरापर्यंत भिंतीत होता, आणि आत बोटांना बोटं लागली होती. अव्वांनी पलीकडून त्यांचं बोट धरून ठेवलं होतं. "घावला! आता पळतो कुठं?"

"सोडा अव्वा, मानूस भ्यालं की."

"भ्यालं तरी हात काढला न्हाई. बास."

त्या दिवशी एकच आरपार दगड झाला. त्यानंतर त्यांनी रोज थोडे करत सगळे केले. अव्वा प्रत्येक वेळी आत होत्या. शेवटच्या दोनतीन वेळा त्या नुसत्या जात्याजवळ बसून शेंगा फोडत होत्या, पण आत होत्या. मी प्रत्येक दगड दोन्ही बाजूंनी तपासला आहे.

ऑफिसला मी सगळं कळवलं. परीक्षा आता बदलली आहे, आणि ओळखपत्र मिळालेल्यांनाही ती पुन्हा द्यावी लागते. प्रत्येकानं लोक राहतात अशा घराच्या भिंतीत एक भोक पाडायचं, मिस्त्री बाहेर आणि घरातलं एक माणूस आत, छताला आधी टेकू. आमच्या तुकडीतले काही जण सोडून गेले. मडिवाळप्पा राहिले.

मंजुश्री


निलंगा, १४ एप्रिल १९९६

अमरेश यांस,

टिपण दिलं. साहेबांनी चाळून विचारलं, "यात निष्कर्ष कुठं आहे? कोणती उपपत्ती बरोबर?" मी म्हटलं, तुलना मागितली होती. ते म्हणाले, तरी एक ओळ टाका. मी टाकली : 'प्रशिक्षणार्थीला काय येत नाही हे विचारण्याआधी, त्याला काय करवत नाही हे पाहावे.' ती त्यांना उपपत्ती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आता तुमचं उत्तर.

जानेवारीत मी लिहिलं की अव्वा विशेष काही बोलल्या नाहीत. बोलल्या होत्या. लातूरला त्या पहाटे लिंगपूजेला उठल्या तेव्हा तुम्ही बाहेरून आलात, चपला हातात. पलंगावर आडवे झालात, चादर पायांनी चुरगाळलीत, उशीला खड्डा पाडलात, आणि थोड्या वेळानं उठून आळस देत म्हणालात, झोप छान लागली. चारही दिवस. अव्वा मला म्हणाल्या, "माज्यासाठी न्हाई करायला त्यो. मी जाऊन तुला सांगीन म्हनून करायलाय."

मला राग आला. नांदेडहून लिहिलेल्या पत्रात तो मी एका ओळीत बसवला, तुम्हाला कदाचित दिसला असेल. मी तुमच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून टिपण बदललं होतं, आणि टिपणापेक्षा बरंच काही बदलायच्या बेतात होते. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे परत जायचं नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं. पत्रही लिहून तयार होतं. ते टाकणार होते त्याच आठवड्यात खुंटी मातीत गेली.

मडिवाळप्पांच्या अंगणातल्या बोलण्यानंतर ते पत्र मला पाठवता आलं नाही. त्यांनी ज्या कारणानं वरून लिंपलं त्याच कारणानं तुम्ही चादर चुरगाळता. त्यांनी तपासणारा फसवला, पण भिंत मजबूत आहे असं स्वतःला कधी सांगितलं नाही. तुम्हीही सांगत नसाल. तुमची तपासणी मी करत होते, बाहेरून. मला दिसेल एवढंच तुम्ही केलंत.

हे माफीचं बोलणं नाही. तुम्हीही मागू नका. आता दोघांतही तेवढी ताकद नाही.

नव्या इमारतीचे नकाशे मी तुमच्या कंत्राटदाराकडून मागवून पाहिले. इमारत चांगली आहे. मुलं तिथं निर्धास्त बसू शकतात. हे मी शेवटचं सांगते आहे. यापुढे तुम्ही विचारल्याशिवाय भिंती, स्लॅब, खांब यांबद्दल एक शब्द बोलणार नाही. तुम्हीही मला किती मिनिटं बसलात ते सांगायचं नाही.

बसवजयंतीला पूजेला जोडीनं बसायला मी येणार नाही. मी बसले तर लोक समजतील की झालं, घर चालू झालं, आणि ते खरं नसेल. अव्वा येतील, त्यांना पाटावर शेजारी बसवा.

मी दुसऱ्या दिवशी येईन, संध्याकाळच्या एस.टी.नं. नोकरी सोडणार नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं निलंग्याला जाईन, संध्याकाळी परत येईन. हे किती दिवस जमेल ते मला माहीत नाही. तुमच्या क्लासचे लोक बघतील, बोलतील. तुम्हाला ते चालणार नसेल तर तार करा, मी येणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही.

तार आली नाही तर फ्लॅटमध्ये काही तयारी करू नका. शेडमध्येच तुमच्या खाटेशेजारी माझी खाट टाका. उन्हाळ्यात पत्र्याखाली मला झोप लागणार नाही, हे मला माहीत आहे. पंखा एकच असेल तर माझ्या बाजूला ठेवा.

मंजुश्री